परीक्षक कुठे उभा असतो?

केरळमध्ये १ ऑगस्ट २०२४ पासून एका गाडीला लायसन्सच्या परीक्षेतून निवृत्त करण्यात आलं. गाडी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. पुण्याच्या बजाज कंपनीची एम-८०. किडकिडीत, हलकी, डाव्या मुठीत गिअर. तिचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि रस्त्यावर ती क्वचितच दिसायची. पण केरळातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मात्र तेलपाणी करून ती जपली होती. कारण परीक्षेच्या मैदानात आखलेला आठाचा आकडा तिच्यावरून झटकन काढता येतो. (आठ म्हणजे इंग्रजी आठ. मराठी ८ गिरवायला गेलात तर गाडी थेट मैदानाबाहेर जाईल.) उमेदवार एम-८० वर परीक्षा द्यायचा, पास व्हायचा आणि घरी जाऊन पायाने गिअर टाकायच्या बाइकवर बसायचा. ज्या गाडीवर तो पास झाला, ती बहुधा पुन्हा कधीच त्याच्या हातात येणार नसायची.

शेवटी सरकारने नियम केला, की परीक्षेला पायाने गिअर टाकायचीच मोटरसायकल आणा. बातमी वाचून अनेकांना हसू आलं असेल. मला मात्र एक प्रश्न पडला. परीक्षा आणि रस्ता यांच्यात एवढं अंतर पडतं तरी कसं?

भ्रष्टाचार, आळस, अनास्था ही उत्तरं आपल्याकडे तयारच असतात आणि त्यांत तथ्यही असतं. पण दुचाकीच्या परीक्षेचा इतिहास वाचत गेलो तसतशी मला त्याहून साधी गोष्ट दिसू लागली. मोटारीच्या परीक्षेत परीक्षक शेजारच्या सीटवर बसतो. चालवणाऱ्याचे डोळे, हात, पाय, समोरचा रस्ता, सगळं त्याला दिसतं. दुचाकीवर त्याला बसायला जागाच नाही. मागे बसला तर गाडीचा तोल त्याच्याच वजनावर ठरणार. आणि अगदी नवख्याच्या मागे रोज तीसचाळीस वेळा बसायची हिंमत कोण करणार? मग तो कुठेतरी उभा राहतो. तो कुठे उभा राहतो आणि तिथून त्याला काय दिसतं, यावरच दुचाकीची परीक्षा घडत गेली आहे.

पाच शिलिंग द्या, लायसन्स घ्या

सुरुवातीला तर परीक्षकच नव्हता. पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने १८९३ साली मोटार चालवण्यासाठी प्रमाणपत्र आणि चाचणी सक्तीची केली, पण तो अपवाद. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटार कायदा आला आणि १ जानेवारी १९०४ पासून लायसन्स आवश्यक झालं. फी पाच शिलिंग. परीक्षा नाही. मोटारीसाठी वयाची अट १७ वर्षं, मोटरसायकलसाठी फक्त १४. म्हणजे आपल्याकडचा आठवी-नववीतला पोरगा पाच शिलिंग भरून अधिकृतपणे मोटरसायकल हाणू शकत होता.

हे आज विचित्र वाटतं, कारण लायसन्स म्हणजे 'याला येतं' असा दाखला, हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे. तेव्हाचा अर्थ वेगळा होता. लायसन्स म्हणजे 'हा कोण आहे' याची नोंद. गाडी धडकवून पळालेला माणूस सापडावा आणि त्याची शिक्षा कागदावर नोंदवता यावी, यासाठी ते होतं.

हिंदुस्थानात सगळ्या देशासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४ साली झाला. त्याच्या जागी १९३९ चा कायदा आला आणि त्याच्या एका परिशिष्टात गाडी चालवण्याच्या क्षमतेची चाचणी दिलेली होती. आज आपण ज्याखाली चालतो तो कायदा १९८८ चा, नियम १९८९ चे. कागदावर आपण पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे कधीच गेलो आहोत. भाषेत मात्र अजून नाही. मराठी माणूस परीक्षा 'देतो' आणि परीक्षेत 'पास होतो', पण लायसन्स तो 'काढतो'. जसं रेशनकार्ड काढतात, उत्पन्नाचा दाखला काढतात, तसं. 'अमक्याने लायसन्स काढलं' या वाक्यात त्याला गाडी चालवता येते की नाही, याचा पत्ताच लागत नाही.

फुटपाथवरचा परीक्षक

ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसं मेली. वाहनं तेव्हा आजच्या मानाने मूठभर होती. या आकड्याने सरकार हललं आणि १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग. पहिल्या वर्षी शंभरातले ६३ जण पास झाले. परीक्षा केंद्रं बांधलेलीच नव्हती, त्यामुळे उमेदवार आणि परीक्षक यांनी बागेपाशी, रेल्वे स्टेशनवर किंवा टाउन हॉलसमोर भेटायचं ठरवून घ्यायचं.

मोटारवाल्यांचं ठीक होतं, परीक्षक शेजारी बसायचा. मोटरसायकलवाल्यांचं काय? तिथे परीक्षक फुटपाथवर उभा राहायचा. 'इथून निघा, डावीकडे वळत वळत चौकोनी फेरी मारून परत या. मग तशीच उजवीकडून. मध्येच कुठेतरी मी रस्त्याच्या कडेला येऊन हात वर करीन, तेव्हा संकट आल्यासारखे थांबा.' एवढं सांगून तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहणार. उमेदवार नजरेच्या टप्प्यात असेपर्यंत काटेकोर हात दाखवणार, मान वळवून मागे बघणार. पहिल्या वळणाआड गेला की तो आणि त्याचं नशीब. परीक्षक भलत्याच मोटरसायकलसमोर हात वर करून उभा राहिला आणि कामावर निघालेल्या एखाद्याने करकचून ब्रेक मारला, असे किस्से तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात.

दुसऱ्या महायुद्धात ही परीक्षा बंद पडली आणि १९४६ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. सुएझच्या पेचात, १९५६-५७ मध्ये, पेट्रोलटंचाईमुळे ती पुन्हा काही महिने थांबली. पण फुटपाथवरून बघण्याची पद्धत दशकानुदशकं टिकली. मोटरसायकलवाल्यांचे अपघात वाढले, की सरकार परीक्षेऐवजी गाडीकडे वळायचं. १९६१ मध्ये शिकाऊंना २५० सीसीची मर्यादा घातली, पुढे १९८३ मध्ये ती १२५ सीसीवर आणली. परीक्षकाला दिसत नाही ना, मग गाडीच लहान करा.

हवेतला आठ

हीच अडचण आणखी एका क्षेत्रात आली होती, आणि तिथे तर परीक्षकाला फुटपाथसुद्धा नव्हता. विमानं नवीन होती तेव्हा बऱ्याच विमानांत एकच माणूस बसायचा. वैमानिकाला येतंय की नाही हे जमिनीवरून कसं ठरवणार? आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाने १९११ च्या सुमारास नियम केला : जमिनीवर दोन खांब रोवा, त्यांच्यात जास्तीत जास्त ५०० मीटर अंतर. उमेदवाराने त्यांच्याभोवती न थांबता एकामागून एक आठाचे आकडे काढत उडायचं.

आठच का? गोल काढला तर माणूस एकाच बाजूला वळतो. आठात डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही वळणं येतात आणि मधोमध एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला तोल बदलावा लागतो. शिवाय चूक लांबूनही दिसते : आकडा फुगला, चेपला, खांब सुटला. म्हणजे एका जागी उभ्या असलेल्या माणसाला थोड्या जागेत, थोड्या वेळात जास्तीत जास्त काय कळू शकेल, याचं हे फार हुशार उत्तर आहे. दुचाकीच्या मैदानात अडचण तीच, आणि उत्तरही तेच : आठ.

आठात नेमकं काय तपासलं जातं

ज्यांची परीक्षा जवळ आली आहे त्यांच्यासाठी इथे जरा थांबतो, कारण आठाची तयारी मुळातून समजून घेतली तर भीती निम्मी होते.

आठ काढताना वेग असतो माणसाच्या झपाझप चालण्याएवढा. या वेगात दुचाकी स्वतःहून उभी राहत नाही. तिला सतत हँडलने सावरावं लागतं : गाडी जिकडे पडायला बघते तिकडे हँडल किंचित वळवायचं, मग परत. म्हणून पहिली गोष्ट, हात ढिले हवेत. मुठी आवळल्या की हे बारीक सावरणं बंद होतं आणि पाय खाली जातो. पाय टेकला की नापास. दुसरी गोष्ट, गिअरची गाडी असेल तर हाफ क्लच. थ्रॉटल एकसारखा ठेवून वेग क्लचने कमीजास्त करायचा आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की हँडल गपकन आत घुसतं. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नजर. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर आठ जमत नाही. जिथे जायचंय तिथे, म्हणजे वळणाच्या पलीकडच्या टोकाकडे बघायचं. गाडी नजरेमागे जाते.

माझ्या परीक्षेच्या दिवशी रांगेत पुढे एक पंचेचाळिशीच्या बाई होत्या. स्कार्फ, सनकोट, हातात फाइल. त्यांचा मुलगा कुंपणाबाहेरून ओरडत होता, 'आई, खाली नको बघू, समोर बघ!' त्यांनी समोर बघितलं आणि आठ पूर्ण केला. साहेबांनी मान डोलावली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून या परीक्षेला निरर्थक म्हणायची माझी तयारी नाही. ट्रॅफिकमध्ये गर्दीतून सरकताना, बोळातून वळताना, सिग्नलला थांबताना हीच कला लागते.

पण ही कला हळू वेगाची आहे. ताशी पंचवीस-तीसच्या पुढे दुचाकीचा स्वभावच बदलतो. ती आपणहून स्थिर होते, आणि उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजे हँडल क्षणभर डावीकडे जातं. हे आपण सगळेच नकळत करतो. विमान उडवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटच्या हे लक्षात आलं होतं, आणि सायकलवाल्यांना विचारलं तर त्यांना आपण असं करतो हे माहीतच नसतं, असंही त्याच्या ध्यानात आलं होतं. समोर अचानक कुत्रं आलं तर झुकांडी देऊन वाचायला हे ज्ञान अंगात मुरलेलं असावं लागतं. आठात ते कुठेच येत नाही.

ज्या देशात गाडीच मिळत नव्हती

आपल्याकडे या सगळ्याची चर्चा फार उशिरा झाली, कारण अनेक वर्षं प्रश्न 'चालवता येते का' हा नव्हताच. 'मिळते का' हा होता. मुंबईत लॅम्ब्रेटा बनू लागली, मग १९६० च्या सुमारास पुण्यात बजाजची व्हेस्पा आली. कंपनीने किती गाड्या बनवायच्या याचंही लायसन्स सरकार देत असल्याने नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आपल्या आजोबांच्या पिढीत 'लायसन्स' हा शब्द स्कूटर चालवणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, स्कूटर बनवणाऱ्याच्या गळ्यात होता. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली गाडी चालवता येणं हे गृहीतच धरलेलं असायचं. काका शिकवायचे, मोठा भाऊ शिकवायचा, सोसायटीच्या ग्राउंडवर दोन रविवार गेले की झालं.

१९७२ साली लूना आली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नसलेली आणि बटणाने सुरू होणारी. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. पुण्यासारख्या शहरात हजारो बायका आणि मुली दुचाकीवर बसल्या, आणि हा बदल कुठल्याही भाषणाने झाला नसता एवढा मोठा होता. १९८८ च्या कायद्यात 'गिअर नसलेली मोटरसायकल' असा वेगळा वर्गच आहे. कायद्याच्या नजरेत तुमची अ‍ॅक्टिव्हा ही स्कूटर नसून मोटरसायकलच आहे, फक्त बिनगिअरची.

आणि नियम? १९८९ च्या नियमांतली परीक्षेची यादी वाचली तर ती चांगली लांबलचक आहे. आरसा नीट लावणे, वळण्याआधी इशारा करणे, ओव्हरटेक, लेन बदलणे, पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगपाशी नीट वागणे, आणीबाणीत थांबणे. सगळं आहे. पण ही यादी जिथे तपासायची ते आवार लहान, रांग मोठी आणि मोटार वाहन निरीक्षक झाडाखाली एका जागी उभा. एवढ्या आवारात ताशी चाळीसचा वेग घ्यायलाच जागा नसते, मग त्या वेगात थांबून काय दाखवणार? यादीतलं जे एका जागेवरून दिसतं तेवढंच उरतं. ते म्हणजे आठ, आणि फार तर हात दाखवणं.

दोन सेकंद

दुचाकीवाले नेमके कशाने मरतात, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो अमेरिकेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी स्वतः गेले. घसरल्याच्या खुणा मोजल्या, हेल्मेटं तपासली, लोकांशी बोलले. १९८१ साली त्यांचा अहवाल आला.

त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली : अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. दुसरी : संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत हातात साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. तिसरी : त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवलं आणि खरी ताकद असलेला पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. झुकांडी देऊन वाचणं तर जवळजवळ कुणालाच जमलं नव्हतं.

लॉस एंजलिस म्हणजे कात्रज किंवा घोडबंदर नव्हे, हे मान्य. आपल्याकडे खड्डे आहेत, राँग साइडने येणारे आहेत, डिव्हायडरमधून उगवणारी माणसं आहेत. पण दोन सेकंदांचं गणित सगळीकडे सारखंच. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. एक सेकंद नुसता 'अरे!' म्हणण्यात गेला तर उरलेल्या एका सेकंदात हाताला जे आपोआप येतं तेच होतं. आणि हाताला आपोआप तेच येतं, जे आधी घोटून घेतलेलं असतं. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. म्हणजे रोज दोनशेहून अधिक. यांतले कितीतरी जण कधीतरी आठ काढून पास झालेले असणार.

मैदान मोठं झालं तेव्हा

ब्रिटनने पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे परीक्षक जागेवरून हलला. आधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परीक्षेचे दोन भाग झाले, एक मैदानात आणि एक रस्त्यावर. १९९० च्या डिसेंबरपासून रस्त्यावर येण्याआधी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याच सुमारास फुटपाथवरचा परीक्षक स्वतः मोटरसायकलवर बसला आणि उमेदवाराच्या मागे मागे फिरू लागला, कानात रेडिओवरून सूचना देत. वळणाआड काय होतं ते पहिल्यांदाच परीक्षेत आलं.

मग २००९ च्या एप्रिलमध्ये नवी परीक्षा आली. तिच्या पहिल्या भागात आठ आहे, हळू चालवणं आहे, यू-टर्न आहे. त्याचबरोबर ताशी किमान ५० किलोमीटरच्या वेगाने येऊन करकचून थांबणं आहे, आणि त्याच वेगात समोरचा अडथळा चुकवून झुकांडी देणं आहे. वेग यंत्राने मोजला जातो. पण यासाठी मोठाली मैदानं लागली. ती सगळीकडे नव्हती, उमेदवारांना लांबवर जावं लागलं आणि त्यावरून पार्लमेंटपर्यंत तक्रारी गेल्या. परीक्षा सुधारायची तर आधी जमीन लागते, हा धडा त्यांना महागात मिळाला.

जपानने उलटा रस्ता धरला. तिथे मैदानातली परीक्षाच इतकी कडक केली की ती एक कला होऊन बसली. ३० सेंटिमीटर रुंद, १५ मीटर लांब अशी एक अरुंद उंच पट्टी. तिच्यावरून मधल्या वर्गाच्या मोटरसायकलला किमान ७ सेकंद, मोठ्या मोटरसायकलला किमान १० सेकंद लावून जायचं. लवकर पोचलात तर गुण जातात, पट्टीवरून घसरलात तर तिथेच नापास. १९७५ पासून १९९६ पर्यंत ४०० सीसीवरच्या गाडीसाठी थेट सरकारी केंद्रात ही परीक्षा द्यावी लागायची आणि तिथे वारंवार नापास होणं ही एका पिढीची सामायिक आठवण आहे. पण जपानच्या मैदानात वेगात थांबण्याची परीक्षाही असते, हे विसरून चालणार नाही. तिथे हळू आणि वेगवान अशा दोन्ही कलांना जागा दिलेली आहे.

झाडाखालचा साहेब कॅमेऱ्यात

आपल्याकडे आता बदल होतो आहे तो वेगळ्या दिशेने. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या मोबाइलवर देता येते. पक्क्या लायसन्ससाठी देशात अनेक ठिकाणी स्वयंचलित ट्रॅक झाले आहेत. पुण्यात भोसरीला आयडीटीआरचा ट्रॅक आहे. रेष ओलांडली, पाय टेकला, वेळ जास्त लागला, हे कॅमेरे आणि सेन्सर टिपतात. साहेबांची ओळख, एजंटचा शब्द, चिरीमिरी, या सगळ्याला त्यामुळे आळा बसतो, आणि ही छोटी गोष्ट नाही.

पण मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि आमच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. एखादी तपासणी माणसाऐवजी मशीनकडे दिली की ती वेगवान होते, निःपक्षपाती होते, स्वस्त होते. ती आधी जे तपासत नव्हती ते मात्र तपासायला लागत नाही. स्क्रीनवर सगळ्या टेस्ट हिरव्या आणि ग्राहकाकडे सिस्टिम झोपलेली, हे आम्ही कितीदा तरी बघतो. झाडाखालच्या साहेबांच्या जागी कॅमेरा आला. तो साहेबांपेक्षा प्रामाणिक आहे. पण तो उभा तिथेच आहे आणि बघतोय आठच.

जे परीक्षेने केलं नाही ते काही अंशी गाडीवर सोपवलं गेलं. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या दुचाकींमध्ये १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लावणारी सीबीएस यंत्रणा असावी लागते. ज्या चुकांची नोंद हर्ट यांच्या अहवालात होती, नेमक्या त्याच सावरणारं हे यंत्र आहे : घसरणारं मागचं चाक, न वापरलेला पुढचा ब्रेक. त्याने जीव वाचत असणार. पण एबीएस असलेल्या गाडीचा पुढचा ब्रेकसुद्धा कुणीतरी दाबावाच लागतो, आणि 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील' हे वाक्य अजूनही आपल्याकडे घराघरांत शिकवलं जातं.

म्हणून परीक्षेच्या तयारीत आहात त्यांना एवढंच सांगेन : आठ मनापासून गिरवा, तो उपयोगी आहे. मग रविवारी पहाटे एखादं रिकामं मैदान किंवा बंद रस्ता गाठा. अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, बरोबर कुणीतरी जाणकार. आधी ताशी वीस, मग तीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी पुढचा ब्रेक झटक्याने न मारता पिळत पिळत वाढवत न्यायचा, मागचा बरोबरीने, हँडल सरळ, नजर समोर. थांबलात की पावलांनी अंतर मोजा आणि पुन्हा करा. आम्ही ऑफिसमधले तिघं हे अधूनमधून करतो, आणि तिघांचंही लायसन्स जुनं आहे.

आणि ज्यांच्या हातात मैदानं आखणं आहे त्यांच्याकडे मागण्यासारखीही एकच गोष्ट आहे. आठाच्या शेजारी शंभर मीटरची एक सरळ पट्टी, चार शंकू आणि वेग मोजणारं एक साधं यंत्र. थांबण्याची गोष्ट नियमांच्या यादीत १९८९ पासून लिहिलेलीच आहे. फक्त ती करून दाखवायला जागा द्यायची राहिली आहे.